एकशेनऊ कुठून येतं

सोम. १२ जाने. ९८
जर्मनीला जायच्या मालाचा नमुना आज स्वतः, रेणू वजनाने ओळखणाऱ्या मशीनवर लावला. मोठ्या ऑर्डरचे नमुने मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मालाची रेघ ताठ उभी, बाकी कागद साफ, आणि तळाशी एक परकं वजन, १०९. हे कुठून आलं? परत लावला. परत १०९. मग तेवढंच बाजूला काढून फोडलं. तुकडे ९२ आणि ६५. म्हणजे अमाइन, ती विषारी जात, तेही एकाच रेणूच्या अंगावर दोन-दोन. जर्मनांना अमाइन म्हटलं की ताटात झुरळ दिसतं. प्लॅन्टवाले म्हणतात, आमच्याकडून असलं काही जात नाही. ते नेहमी हेच म्हणतात. माल थांबवला.
काचसामान धुण्याचं काम नव्या पोरीकडे आहे. सुनंदा म्हात्रे, एम.एस्सी., जित्याहून रोज गाडीने इथे रोह्याला येते, प्रोबेशनवर. तिला बोलावून उभी केली. म्हणाली, तीनदा धुतलंय सर. म्हटलं, चौथ्यांदा धू.

बुध. १४ जाने.
संक्रांत. लॅबमध्ये सगळ्यांनी तिळगूळ दिला-घेतला. सु.ने मला दिला तेव्हा ‘गोड बोला’ म्हणताना जीभ अडखळली. मी घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत मुंग्या.
मोठ्या साहेबांचा मुंबईहून फोन. जबाबदार कोण? नाव घ्यायला मला विचार करावा लागला नाही. ठरलं असं: फेब्रुवारी संपेपर्यंत पोरीने १०९ कुठून येतं ते शोधायचं. शोधलं तर पर्मनंट, नाही तर घरी. फोन ठेवता ठेवता साहेब म्हणाले, तळोज्याच्या नव्या लॅबला हेड हवाय, जरा तरुण दिसणारा बघतोय. वर्तक, तुम्ही अजून चाळीसचे वाटता. मी एकोणपन्नासचा आहे. हसलो नुसता.
जनार्दनने (आमचा लॅब अटेंडंट, सगळ्या जगाची खबर ठेवतो) सांगितलं, सु.चं लग्न हमरापूरला ठरलंय. सासरचे म्हणतात, नोकरी पक्की असेल तर लग्नानंतरही रोह्याला जाऊ देऊ, कच्ची असेल तर चूल बघायची. बरं झालं कळलं.

शनि. १७
दोन दिवस सगळी काच सु. एकटीने घासतेय. आज नमुना न घालता नुसतं कोरं मिथेनॉल लावलं तर १०९ गायब. म्हटलं, बघ, धुतलं की जातं. 
मग शिकवायचा मूड आला. मशीनपाशी उभं करून सांगितलं. पहिल्या खणात हव्या त्या वजनाचा रेणू निवडायचा, बाकीच्यांना हाकलायचं. मधल्या खणात त्याला आर्गॉन वायूवर आपटायचं. तिसऱ्या खणात तुकडे मोजायचे. कुठे तुटायचं हे त्याच्या हातात नसतं, जिथे जोड कच्चा तिथे तुटतो. म्हणून तर ओळख पटते. दहा व्होल्टला नुसता थरथरतो. वीसला एक हात टाकतो. चाळीसला सगळ्यांचीच सारखी भुकटी, मग तो कोण होता ते कळत नाही. व्होल्ट कुठे थांबवायचे हे ज्याला समजलं त्याला हे मशीन समजलं.
मग तिच्या थीसिसची चौकशी केली. गाईड कोण, किती वेळा बदलून लिहिला, ‘हाय’ आणि ‘नाय’ तोंडी परीक्षेतही म्हणाली होतीस का. वीसपर्यंत नेलं. डोळे भरले, पण सांडले नाहीत. थांबलो.
जाताना तिने विचारलं, सर तुम्ही हातमोजे घालत नाही? म्हटलं, मोजे नवशिक्यांना. पंचवीस वर्षं उघड्या हाताने बाटल्या हाताळतोय.

गुरु. २२
सु. एक गोष्ट घेऊन आली. १०९ वजनाची तीन भावंडं असू शकतात. दोन्ही अमाइन शेजारीशेजारी, एक घर सोडून, किंवा समोरासमोर. तिघांचे तुकडे तेच, पण कुठल्या व्होल्टला किती तुटतं ते प्रत्येकाचं निराळं. पहिली दोन प्लॅन्टच्या गोडाऊनमध्ये मिळतात. ती तिने दहापासून चाळीसपर्यंत फोडली, आलेख काढले आणि बारा तारखेचा नमुना शेजारी ठेवला. दोघांशीही जुळत नाही. म्हणजे हे तिसरं, समोरासमोरचं. ते आमच्या प्लॅन्टमध्ये नाहीच.
मी म्हटलं, आलेख वाकडा आलाय, स्केल वापरत जा.
मला हे सुचायला हवं होतं. मशीन आलं त्या दिवसापासून मी त्याच्याशी आहे, ती चार महिने. पोरगी माझ्यापेक्षा हुशार आहे. हे इथे लिहितो, बाहेर मरेपर्यंत नाही.

रवि. २५
कलपाचा रविवार. एक सोडून एक रविवार असतो. शैला मागून जुन्या ब्रशने लावते, मिशीला मी स्वतः बोटाने लावतो, तिला तिथली धार जमत नाही. अर्धा तास वर्तमानपत्र पांघरून बसायचं. बाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, “तुझ्या वयात मी नातवाची वाट बघत होतो.” आम्हाला मूल नाही हे त्यांना ठाऊक आहे. पंचाहत्तराव्या वर्षी माणसाचे दात जातात, जीभ मात्र राहते.

सोम. २६
झेंडावंदन कंपनीत. दुपारी जनार्दनच्या शेतावर पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा, खाली-वर भांबुर्डीचा पाला, भोवती गवत पेटवलं. सगळी लॅब आलेली. प्लॅन्टचे दोघे आले तेही १०९ विसरून खात होते. शेंगा सोलून सगळ्यांचे हात काळेकुट्ट. मी मिशी पुसत पुसत भरपूर खाल्ल्या, वाल यंदा चांगला आहे.
मग पंपावर हात धुतले. जनार्दनच्या बायकोने राख दिली. सगळ्यांचे हात गोरे झाले, माझ्या नखांच्या कडा तशाच. सु. शेजारी उभी होती. म्हणाली, सर, तुमचं जाईना? म्हटलं, तुमच्याकडची राख हलकी. जनार्दनची बायको हिरमुसली. सु. पंप मारत राहिली आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली.

मंगळ. २७
१०९ परत आलं. तेही कोऱ्या मिथेनॉलमध्ये. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. सगळ्यांसमोर म्हटलं, आता माल नाही, प्लॅन्ट नाही, नुसतं मिथेनॉल आणि म्हात्रेबाईंनी धुतलेली बाटली. अजून काय पुरावा हवा?
ती शांतपणे म्हणाली, “बाटली मी धुतली, मिथेनॉल मी भरलं. बूच तुम्ही लावलं ना सर?”
म्हटलं, मग? काही नाही, म्हणाली. असंच विचारलं.
तिने दिवसभरात पाच बाटल्या भरल्या. तीनची बुचं तिने लावली, दोनची मला लावायला सांगितली, सर जरा घट्ट करून द्या म्हणून. मी दिली. मूर्खासारखी. पाचही तिने मशीनवर लावल्या आणि कागद माझ्यापुढे न ठेवता घेऊन गेली.

गुरु. २९
सकाळी नमुन्यांच्या स्टँडमध्ये एक नवी बाटली. आत काळपट पाणी, वर नुसतं ‘तिसरं’ लिहिलेलं. बूच काढून वास घेतला. माझ्या रविवारांचा वास. शैलाच्या वाटीतला, वर्तमानपत्राखालचा, उशीच्या अभ्र्याला आठवडाभर राहणारा.
विचारलं, हे काय? म्हणाली, इथल्या अष्टमी गावातल्या दुकानातली पुडी सर, केसांच्या कलपाची. त्यात समोरासमोरचं असतं असं वाचलं होतं, म्हणून फोडून बघितली. १०९, ९२, ६५. व्होल्टचा आलेख तंतोतंत. मग म्हणाली, १०९ दर दुसऱ्या सोमवारच्या सुमारास येतं, आता लॅबमध्ये कलप कोण लावतं ते बघायचं.
कोण लावतं. जनार्दनला टक्कल. बाकीचे दोघे केमिस्ट पोरगेलेसे.
खुर्चीवर बसलो ते चहा येईपर्यंत उठलो नाही. म्हणजे माझ्या मिशीवरून बोटावर, बोटावरून बुचावर, बुचातून मशीनमध्ये. मीच पकडलं, मीच फोडलं आणि मीच ओळखलं नाही. लाज वाटली का? थोडी. भीती जास्त वाटली. त्याहून जास्त तिचा राग आला, की ती ‘तुम्ही’ असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर झापता आलं असतं.

सोम. २ फेब्रु.
सु.ला मशीनवरून काढलं. प्लॅन्टमध्ये ड्रममधले नमुने काढायला पाठवलं. कारण लिहिलं: मनुष्यबळ कमी. तिथे आम्लाची वाफ असते, दुपारी तिचे डोळे लाल. जनार्दन मला म्हणाला, साहेब, पोरीला झेपत नाय तिकडं. म्हटलं, सासरी याहून जास्त झेपवावं लागेल.
कोरं मिथेनॉल आज साफ आहे. दुसऱ्या आठवड्यात बोटावरचं निघून जातं. म्हणजे उपाय सोपा आहे. कलपच लावायचा नाही.

रवि. ८
लावला नाही. शैला वाटी घेऊन उभी होती, विचारलं, का? डोकं दुखतंय म्हटलं. ती खांब गावची, शेतावर वाढलेली, तिला खोट्याचा लगेच वास येतो. म्हणाली, “डोकं दुखतंय का कुणी काय बोललंय?” 

सोम. ९
मुद्दाम सु.ला मशीनवर परत बोलावलं. सगळ्यांसमोर म्हटलं, दर दुसऱ्या सोमवारी येतं असा तुझा शोध आहे ना? लाव. सगळी बुचं मी स्वतःच्या हाताने लावली. साफ. एकही रेघ नाही. ती कागदाकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. तिचा खालचा ओठ थरथरला. पहिल्यांदाच.
म्हटलं, पुडी आणायचा खर्च कंपनी देणार नाही हं. दोघे हसले. जनार्दन हसला नाही.

शुक्र. १३
साहेबांना कळवलं: उगम सापडला नाही, हलगर्जीपणा, कायम करू नये अशी शिफारस. इतकं स्वच्छ मराठी मी बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. साहेब तेवीसला येतायत, दोन्ही निकाल तेव्हाच. तिचा आणि तळोज्याचा.

शनि. १४
मिशीला चुना लागल्यासारखं दिसायला लागलं. केस लांबून खपतात, मिशी तोंडासमोर येते. सकाळी वस्तऱ्याने उडवली.
शै. चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. “अहो, मामंजी अजून हायत ना जिवंत,” म्हणाली. बाबांनीही बघितलं. भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर तसेच. संध्याकाळी शै.ने पेज भरवायला घेतली तेव्हा म्हणाले, त्याला घाई झाली असेल तर सांग, मी थांबत नाही.
पेण स्टेशनवर दोघांनी हळू आवाजात विचारलं, कधी गेले? लॅबमध्ये जनार्दन हात जोडून उभा. किती जणांना सांगायचं की नाही, बाबा ठणठणीत आहेत, मिशी नकोशी झाली म्हणून काढली.
गाडीत परत येताना मनात एक आलं. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. या आठवड्यात बाबा खरंच गेले असते तर सगळं डोकं उतरवता आलं असतं. काळं नाही, पांढरं नाही. साहेबांसमोर तुळतुळीत डोक्याने बसलो असतो आणि कुणी काही विचारलं नसतं.
घरी आलो तर ते खोकत होते. पाणी दिलं.

बुध. १८
भांगाजवळ नखभर पांढरं. सु. रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणते आणि भांगाकडे बघते.  तिने आता रडायचं सोडून दिलंय. मला ती रडत होती तेव्हा बरी वाटत होती.

रवि. २२
लावला. उद्या साहेब. पांढऱ्या डोक्याने तळोजं मिळत नाही. शै.ने माझ्या हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, मी वाटीला बोटही लावलं नाही. तीन वेळा साबण, एकदा रॉकेल, परत साबण. शै. म्हणाली, “एवढं कशाला भिता? चोरी केलीय का?” मी तिला ओरडलो. बाबा आतून म्हणाले, ओरडू दे, केस काळे झाले की आवाज चढतो त्याचा.

सोम. २३
साहेब अकराला आले. माझ्याकडे बघून म्हणाले, वर्तक, मिशी काढून अजून पाच वर्षं कमी झालीत. सोबत आणलेल्या फाइलवर तळोजं लिहिलेलं मी उलटं वाचलं.
मग सु.ला बोलावलं. मला वाटलं हात जोडेल. तिने हात जोडले नाहीत. म्हणाली, साहेब, माझं म्हणणं एवढंच. १०९ प्लॅन्टमधून येत नाही, बाटलीतून येत नाही, हातातून येतं. जे जे बाटल्यांना हात लावतात त्यांच्या बोटांवरून मिथेनॉलचा कापूस फिरवा, पिळा आणि फोडा. पहिला माझा घ्या. माझ्या हातात निघालं तर मी आजच जाते, महिना संपायची वाट बघत नाही.
साहेबांना असला तमाशा आवडतो. म्हणाले, घ्या सगळ्यांचे. आणि ज्याच्या हातात निघेल तो जाईल, मग तो कुणीही असो. हे म्हणताना ते हसत होते, पण फाइल बंद केली.
पाच बाटल्या. जनार्दन, ते दोघे, सु. आणि मी. जनार्दनने सु.चा घेतला. बाकीच्यांचे तिने घेतले. माझा शेवटी. मोजे घातलेल्या हाताने माझं एकेक बोट धरलं आणि कापूस नखाखाली दाबून फिरवला, एखाद्या लहान मुलाची नखं काढावीत तसा. सकाळी गाडीत वाऱ्याने केस विस्कटले होते. मी हाताने बसवले होते. हे मला कापूस फिरत असताना आठवलं.
साहेब म्हणाले, आत्ताच लावा. सु. म्हणाली, मशीनचं व्हॅक्यूम सकाळपासून उतरलेलं आहे, उद्या दुपारपर्यंत बसेल. खरंच उतरलेलं होतं, मी बघून आलो. साहेब मुंबईला गेले. निकाल फोनवर सांगायचा.

मंगळ. २४
गाडीत सु. जित्याहूनच बसून आलेली होती. मी पेणला चढलो. समोरची जागा रिकामी होती, बसलो नाही. नागोठण्यापर्यंत दारात उभा राहिलो.
व्हॅक्यूम बसलं. मी म्हटलं, तू लाव. ती म्हणाली, नाही सर, मोठे नमुने तुम्हीच लावता. चेहरा सरळ.
जनार्दन साफ. पहिला साफ. दुसरा साफ. प्रत्येक वेळी जनार्दन मागून कागद बघायचा आणि सुटकेचा श्वास टाकायचा. म्हातारा उगाच घाबरला होता.
उरल्या दोन बाटल्या, तिची आणि माझी. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. जनार्दन गेला, ते दोघे गेले. मला वाटलं ती थांबेल, बाटल्यांवर नजर ठेवून बसेल. मी तिच्या जागी असतो तर जेवलो नसतो. तिने डबा उचलला. दारापर्यंत गेली आणि वळली.
“सर, दोन्ही तुमच्याकडेच ठेवून जाते. लावून ठेवा. माझा विश्वास हाय.”
‘हाय’ मुद्दाम म्हणाली. कँटीनकडे गेली. खिडकीतून दिसते आहे. पाठ इकडे करून बसलीय, सावकाश खातेय. तिला ठाऊक आहे मी काय करू शकतो. ठाऊक असूनच गेली. आणि तिने कापूस काल दोनदा पिळला का? माझी बोटं तिने नक्की किती वेळा पुसली, एकदा की दोनदा? त्याच पाण्याच्या बाटल्यांचा दुसरा जोड तिच्या पर्समध्ये असेल तर? नसेल तर? विचारता येत नाही. आठवायचा प्रयत्न करतोय, फक्त नखाखालचा कापूस आठवतो.
बाटल्यांवरची नावं बदलली तर ती आज संध्याकाळच्या गाडीने कायमची जाते, हमरापूरला चूल बघते, आणि मी तळोज्याला. नाही बदलली तर मी. आणि दुसरा जोड असेल तर दोन्हीकडून मीच, शिवाय चोर.
साहेबांचा फोन दोनला यायचाय. मशीन तयार आहे, आर्गॉन चालू आहे. दोन्ही बाटल्या डाव्या हाताशी आहेत. आतलं पाणी सारखंच दिसतं. नावाचे कागद तिने आज सकाळीच नव्याने डकवलेत, गोंद अजून ओला आहे. एकाचा कोपरा आत्ता नखाने उचलून बघितला. सुटतोय.